शहर वाढले, बंब कोठे उभे करावयाचे?

एखाद्या इमारतीस मोठी आग लागली, काही माणसे दगावली, की दुसऱ्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. बंब किती वाजता निघाला, किती वाजता पोहोचला, वाटेत कोठे अडकला, शिडी कोणत्या मजल्यापर्यंत गेली. चौकशी समिती नेमली जाते, एकदोन अधिकारी निलंबित होतात, सर्व इमारतींच्या तपासणीचे आदेश सुटतात आणि पंधरवड्यात विषय मागे पडतो. बंब उशिरा पोहोचण्याचे कारण मात्र पुष्कळदा त्या रात्रीच्या घटनाक्रमात सापडत नाही. ते दहा-वीस वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या नगररचनेच्या नकाशात सापडते. त्या नकाशावर अग्निशमन केंद्रासाठी एक भूखंड दाखविलेला असतो; त्या भूखंडावर केंद्र उभे राहिलेले नसते.

पुणे शहराच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या कालावधीसाठी तयार झालेला विकास आराखडा राज्य शासनाने २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्याची निम्मी मुदत केवळ तो मंजूर होण्यातच गेली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, याच्या १२७ व्या कलमानुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर तिचा मालक महापालिकेस सूचनापत्र देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाच्या दिशेने पाऊल पडले नाही, तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, पुढे बारा महिन्यांची झाली आणि आता ती चोवीस महिन्यांची आहे. २०१७ च्या आराखड्यातील आरक्षणांची दहा वर्षे २०२७ मध्ये पुरी होतात. उद्याने, शाळा, दवाखाने, भाजी मंडया यांच्या जोडीने पोलीस ठाणी आणि अग्निशमन केंद्रे यांच्या भूखंडांचे भवितव्यही त्या तारखेशी बांधलेले आहे. जवळजवळ चार वर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या महापालिकांमध्ये २०२६ च्या जानेवारीतील निवडणुकांनंतर पुन्हा लोकनियुक्त सभागृहे आली आहेत. त्यांच्यापुढील कामांच्या यादीत हा विषय बराच वर असावयास हवा.

दोन मापे, दोन उत्तरे

शहरास अग्निशमन केंद्रे किती हवीत, याची मापे उपलब्ध आहेत. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने नागरी भागात साधारणपणे दहा चौरस किलोमीटरांस एक केंद्र असावे आणि पहिला बंब पाच ते सात मिनिटांत घटनास्थळी पोहोचावा, असे माप सांगितले आहे. नगररचनेच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दोन लाख लोकसंख्येस एक केंद्र किंवा उपकेंद्र आणि तेही एक ते तीन किलोमीटरांच्या टप्प्यात, असे म्हटले आहे. याच तत्त्वांनुसार सुमारे ९० हजार लोकसंख्येस एक पोलीस ठाणे व ४० ते ५० हजारांस एक चौकी असावी.

ही दोन मापे पुण्यास लावून पाहिली असता उद्बोधक चित्र दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३१ लाखांहून थोडी अधिक होती. दोन लाखांस एक या हिशेबाने तेवढ्या वस्तीस सोळा केंद्रे पुरतात. परंतु २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आली. पुढे त्यांतील दोन गावे वेगळी झाली, तरी शहराचे क्षेत्र सुमारे पाचशे चौरस किलोमीटर राहिले. दहा चौरस किलोमीटरांस एक या हिशेबाने पन्नास केंद्रे लागतात. टेकड्या आणि अद्याप शिल्लक असलेली शेतजमीन वजा केली, तरी हा आकडा सोळाच्या पुष्कळच वर राहतो. आणि प्रत्यक्षात असलेली केंद्रे पन्नासाच्या जवळपासही येत नाहीत. साहजिकच प्रशासनास लोकसंख्येचे माप सोयीचे वाटते. त्यातही २०२१ ची जनगणना न झाल्यामुळे लोकसंख्येचा अधिकृत आकडा जुनाच राहिला आणि गरज कागदावर आणखी लहान दिसू लागली.

आगीला मात्र अंतराचे माप कळते. गर्दीच्या रस्त्यावर बंबाचा वेग ताशी वीस किलोमीटर धरला, तर सात मिनिटांत तो सव्वादोन किलोमीटरांच्या आसपास जातो. केंद्र तीन किलोमीटरांवर असेल, तर नऊ मिनिटे लागतात. यात दूरध्वनी घेणे, माणसांनी पोशाख चढवून गाडीत बसणे हा वेळ धरलेला नाही. बंद खोलीत पेटलेल्या सामानाची आग काही मिनिटांतच साऱ्या खोलीत भडकते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन-तीन मिनिटांची किंमत कळते. जेथे वस्ती विरळ पण पसरलेली आहे, अशा नव्याने सामील झालेल्या गावांना लोकसंख्येच्या मापाने केंद्र मिळावयाचे झाल्यास तेथे दोन लाख माणसे राहावयास येईपर्यंत थांबावे लागेल. तोवर तेथे केंद्राला जागाच उरलेली नसेल.

हे काम सार्वजनिक का?

आग विझविणे हे शासनाचे काम आहे, असे सर्वत्र आणि सर्वकाळ मानले गेलेले नाही. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये विमा कंपन्या निघाल्या आणि आपले नुकसान कमी व्हावे म्हणून त्यांनी स्वतःची अग्निशामक पथके ठेवली. १८३३ मध्ये या पथकांचे एकत्रीकरण झाले. १८६१ मध्ये टूली स्ट्रीट येथील गोदामांना लागलेल्या प्रचंड आगीत त्या पथकाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड मृत्युमुखी पडले. नुकसान एवढे मोठे होते की, यापुढे हा भार वाहणे आपणांस शक्य नाही, असे विमा कंपन्यांनी सरकारला कळविले. १८६५ मध्ये कायदा झाला आणि लंडनला सार्वजनिक अग्निशामक दल मिळाले. शेजाऱ्याची आग आपल्या भिंतीशी थांबत नाही. त्यामुळे ज्याने वर्गणी भरली त्याच्यापुरते संरक्षण, हे तत्त्व या सेवेस लागू करता येत नाही, हा अर्थशास्त्राचा धडा लंडनने दोनशे वर्षे घेऊन शिकला.

मुंबईलाही हा धडा आगीनेच दिला. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातील वस्तीचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतर शहराच्या रचनेचा नव्याने विचार झाला. एकोणिसाव्या शतकात काही काळ अग्निशमनाचे काम पोलीस आयुक्ताच्या देखरेखीखाली होते. १८८८ च्या महापालिका कायद्याच्या सुमारास ते महापालिकेकडे आले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आग विझविण्यास गेलेले ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीतील आगीत मुंबई दलाचे मुख्य अधिकारी आणि त्यांचे तीन सहकारी अधिकारी यांना प्राण गमवावे लागले. जुन्या, लाकडी, दाटीच्या वस्तीत काम करणाऱ्या दलाची जोखीम किती असते, याची ही अलीकडची साक्ष आहे.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवा हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविला आहे. पोलीस हा विषय सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत आहे. एकेकाळी एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली असलेली ही दोन कामे आज दोन वेगवेगळ्या सत्तांकडे आहेत आणि दोघांची जागेची गरज मात्र एकाच नकाशावर भागवावयाची आहे.

जमिनीचे अर्थकारण

आरक्षित भूखंड ताब्यात का येत नाहीत, याचे सरळ उत्तर पैसा हे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार नागरी भागात बाजारभावाएवढीच रक्कम दिलासा म्हणून वर द्यावी लागते. म्हणजे जमीन जवळजवळ दुप्पट भावाने घ्यावी लागते. यात मालकावर अन्याय होऊ नये हा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. परंतु बाजारभाव कशाने वाढतो, हेही पाहिले पाहिजे. महापालिका रस्ता करते, नळ नेते, दिवे लावते. त्यामुळे आसपासच्या जमिनीची किंमत चढते. आणि मग त्याच महापालिकेस अग्निशमन केंद्रासाठी जमीन घेताना स्वतःच्या खर्चाने वाढलेली किंमत पुन्हा मोजावी लागते. आरक्षणाची नोंद झाल्याबरोबर जमीन घेतली असती, तर जी रक्कम लागली असती, तिच्या कितीतरी पट रक्कम दहाव्या वर्षी लागते. विलंब म्हणजे काटकसर, हा समज येथे सपशेल खोटा ठरतो.

रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणली आणि पुढे ती इतरत्र आली. तिने महापालिकांची तिजोरी वाचविली, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा व्यवहार मालकास परवडेल तेव्हाच तो पुढे येतो. केंद्र जेथे हवे तेथील मालक तयार नसतो आणि तयार असलेल्या मालकाची जमीन गरजेच्या जागी नसते. शिवाय हे हक्क वापरून दुसरीकडे इमारती अधिक उंच होतात, म्हणजे ज्या सेवेसाठी जमीन मिळविली, त्याच सेवेवरचा भार त्याच व्यवहाराने वाढतो.

मोठ्या भूखंडांच्या विकासात काही जागा नागरी सुविधांसाठी महापालिकेकडे द्यावी लागते. या जागा फुकट मिळालेल्या असतात आणि वस्तीच्या मध्यावर असतात. उपकेंद्र किंवा पोलीस चौकी यांसाठी यांहून सोयीची जागा शोधूनही सापडावयाची नाही. असे असता २०२१ मध्ये पुणे महापालिकेत अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी संस्थांना देण्याचा प्रस्ताव आला आणि तो वादग्रस्त ठरला. भाड्याचे उत्पन्न अंदाजपत्रकात दिसते. जे केंद्र उभे राहिले नाही, त्याची किंमत मात्र कोणत्याच स्तंभात लिहिली जात नाही.

माणसांवाचून इमारत

पोलीस ठाण्यांची कथा थोडी निराळी आहे. महापालिका जागा राखून ठेवते; ठाणे मंजूर करणे, पदे निर्माण करणे आणि इमारत बांधणे हे राज्य शासनाचे काम. ज्याच्या नकाशावर आरक्षण असते त्याच्यावर ठाण्याची जबाबदारी नसते आणि ज्याच्यावर जबाबदारी असते त्याच्या अंदाजपत्रकात त्या भूखंडाची किंमत नसते. भूखंड पडून राहण्यास यापेक्षा अधिक अनुकूल व्यवस्था सुचविणे कठीण आहे.

पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. झपाट्याने वाढलेल्या औद्योगिक शहराची ती रास्त मागणी होती. परंतु त्यासाठी माणसे पुणे शहर आणि पुणे ग्रामीण या दलांतून घ्यावी लागली आणि कार्यालयासाठी महापालिकेच्या शाळेची इमारत वापरावी लागली. शाळेची इमारत पोलिसांना दिली जाते तेव्हा खर्च वाचतो असे दिसते. वस्तुतः तो शिक्षणाच्या खात्यावर टाकला जातो. पुणे शहरासही २०२४ मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी ठाणी मंजूर झाली. ठाण्यांच्या हद्दी लहान होणे हे नागरिकांच्या सोयीचे आहे. तक्रार देण्यासाठी रात्री दहा किलोमीटर जावे लागत असेल, तर पुष्कळशा तक्रारी, विशेषतः स्त्रियांच्या, दिल्याच जात नाहीत. परंतु नव्या ठाण्याबरोबर नवी पदे आली नाहीत, तर एकाच भाकरीचे अधिक तुकडे होतात, भाकरी वाढत नाही.

अग्निशमन दलातही हीच अडचण अधिक तीव्र स्वरूपात दिसते. केंद्र चोवीस तास चालवावयाचे म्हणजे तीन पाळ्या, सुट्या आणि आजारपण धरून एका बंबामागे चार संच माणसे लागतात. इमारत व वाहन हा एकदाचा खर्च आहे. वेतन हा दरवर्षीचा. त्यामुळे कोनशिला बसविण्यास उत्साह असतो आणि पदांच्या आकृतिबंधाची धारिका मात्र मंत्रालयात फिरत राहते. मग कंत्राटी माणसे घेतली जातात. धुराने भरलेल्या जिन्यात सहकाऱ्याच्या भरवशावर शिरावयाचे हे काम, सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर चालविण्याजोगे नव्हे.

आक्षेप आणि उत्तरे

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीरपणे विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, महापालिकांकडे पैसा नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर अवलंबून राहावे लागते. पाणी, सांडपाणी, दवाखाने यांना आधी पैसा नको काय? हा प्रश्न खरा आहे. परंतु मिळकत कराखेरीज महापालिकांच्या हाती राहिलेले मोठे उत्पन्न हे बांधकाम परवानग्यांचे आहे. विकास शुल्क आणि वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य या रूपाने ते येते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने अग्निशमन सेवा शुल्क घेण्याचीही तरतूद केली आहे. हे उत्पन्न इमारतींमुळे येते आणि अग्निशमनाचा भारही त्याच इमारतींमुळे वाढतो. ते सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जाते, ही खरी अडचण आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू केली. बहुतेक राज्यांना तीत २५ टक्के वाटा उचलावयाचा होता. साऱ्या देशात वाटली जाणारी ही रक्कम शहरातील एकेका भूखंडाची तरतूद करू शकत नाही. ती तरतूद शहरालाच करावी लागेल.

दुसरा आक्षेप असा की, विझविण्यापेक्षा प्रतिबंध स्वस्त आहे. हे निर्विवाद आहे. २००६ च्या कायद्याने इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची आणि दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत तसे प्रमाणपत्र सादर करण्याची जबाबदारी टाकली आहे. कायदा असा असूनही ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागली आणि २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारात १४ जणांचे प्राण गेले. पण प्रतिबंधाचे काम तरी कोणी करावयाचे? प्रमाणपत्रे तपासणे, जिने मोकळे आहेत की नाहीत हे पाहणे, नोटिसा काढणे हे सारे त्याच दलाच्या अधिकाऱ्यांकडे आहे. स्थानिक केंद्र असेल, तरच त्या केंद्रातील माणसांना भोवतालच्या गल्ल्या, पाण्याच्या टाक्या, बंद केलेले जिने ठाऊक असतात. प्रतिबंध आणि शमन ही एकाच केंद्राची दोन कामे आहेत. एकास दुसऱ्याचा पर्याय म्हणून उभे करता येत नाही.

तिसरा आक्षेप वाहतुकीचा. रस्ते तुंबलेले असतील, तर केंद्रे वाढवून काय उपयोग, असे विचारले जाते. उलट, रस्ते तुंबलेले आहेत म्हणूनच केंद्रे जवळ हवीत आणि त्यांतील काही लहान हवीत. पेठांतील वाड्यांच्या वस्तीस आणि झोपडपट्टीस उंच शिडीच्या अवजड वाहनापेक्षा अरुंद गल्लीत शिरणाऱ्या छोट्या बंबाची गरज अधिक असते. उंच इमारतींसाठीच्या महागड्या शिड्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात. छोटा बंब दुर्लक्षित राहतो. आणि तरीही सुरतेत २०१९ च्या मे महिन्यात शिकवणी वर्गाच्या आगीत २२ विद्यार्थी मरण पावले, ती इमारत काही गगनचुंबी नव्हती. मुले चौथ्या मजल्यावरून उड्या घेत होती.

काय करता येईल?

यावर उपाय शोधण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट म्हणजे पोलीस आणि अग्निशमन यांसाठी राखलेल्या प्रत्येक भूखंडाची स्थिती दाखविणारा तक्ता महापालिकेने अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करावा. भूखंड ताब्यात आहे काय, त्यावर अतिक्रमण आहे काय, दहा वर्षे केव्हा पुरी होतात, सूचनापत्र आले आहे काय, एवढे चार रकाने पुरेत. प्रभागातील नागरिकास आपले केंद्र कोठे अडले आहे, हे त्यावरून कळेल आणि नगरसेवकास उत्तर द्यावे लागेल.

दुसरी गोष्ट, बांधकाम परवानग्यांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा आणि अग्निशमन शुल्काची संपूर्ण रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती प्रथम मुदत संपत आलेल्या भूखंडांवर खर्च करावी. दहाव्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा दरवर्षी तीन-चार भूखंड घेणे केव्हाही स्वस्त पडते. तिसरी गोष्ट, सुविधा क्षेत्राच्या जागांवर पहिला हक्क उपकेंद्र व चौकी यांचा मानावा आणि शक्य तेथे दोन्ही एकाच आवारात, कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांसह, उभी करावीत. पंचवीस किलोमीटरांवरून कामावर येणारा जवान मोठ्या आपत्तीच्या वेळी मदतीस बोलावता येत नाही. चौथी गोष्ट, पदांची मंजुरी मिळाल्याखेरीज इमारतीची निविदा काढू नये, असा नियम राज्य शासनाने स्वतःवर आणि महापालिकांवर घालून घ्यावा. कुलूपबंद केंद्राइतका महाग देखावा दुसरा नाही.

हद्दीचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. २०२१ च्या जून महिन्यात मुळशी तालुक्यातील उरवडे येथे कारखान्याच्या आगीत १७ कामगार मृत्यू पावले, त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. तो भाग महापालिकेच्या हद्दीत नव्हता. शहराच्या अर्थव्यवस्थेत मात्र तो केव्हाच सामील झालेला होता. कामगार आणि कारखाने यांना हद्दीची रेषा अडवीत नाही. अग्निशमनाची तरतूद तेवढी त्या रेषेपाशी थांबते. महानगर प्रदेशाचा विचार एकत्रितपणे झाला नाही, तर उद्या ही गावे हद्दीत येतील, तेव्हा केंद्रासाठी राखावयाची जागाही इमारतींनी व्यापलेली असेल.

महापालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा उड्डाणपूल, नदीकाठ आणि मेट्रो यांवर तासन् तास भाषणे होतात. अग्निशमन केंद्राच्या भूखंडासाठी सभागृहात कोणी आवाज चढविल्याचे सहसा ऐकू येत नाही, कारण ज्याच्या घरास आग लागणार आहे, त्या नागरिकास अद्याप ते ठाऊक नसते आणि म्हणून तो मागणी करावयास येत नाही. ज्यांची मागणी कोणी करीत नाही, पण ज्यांवाचून चालत नाही, अशा गोष्टींची तरतूद करण्यासाठीच लोक प्रतिनिधी निवडून देतात. २०१७ च्या आराखड्याची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वी नव्या सभागृहांनी हे काम हाती घेतले, तर त्यांच्या नावावर कोणतीही कोनशिला लागली नाही तरी काही घरांतील माणसे वाचतील.